सोनोग्राफीची इमेज खराब झालीय हे मोजून कसं दाखवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी दोन मशिनचं सोनोग्राफी सेंटर आहे. त्यातल्या जुन्या मशिनवर कन्व्हेक्स (वळणदार तोंडाच्या) प्रोबने पोट बघताना लिव्हरचा खोल भाग दाणेदार दिसतो. पूर्वी असा दिसत नव्हता, असं डॉक्टरांना खात्रीने वाटतं. सर्व्हिस इंजिनिअर म्हणतो मशिन ओके आहे, आणि कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेटही पास आहे. इमेजचा दर्जा आकड्यात मोजता येतो का? त्यासाठी फँटम (ऊतीसारख्या द्रव्याचा, आत तारा आणि पोकळ्या बसवलेला चाचणीचा ठोकळा) घ्यावाच लागतो का? आणि नवं मशिन घ्यायचं ठरलं तर डेमोच्या वेळी काय मोजावं?

आधी त्या सर्टिफिकेटबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. मी पाहिलेल्या बहुतेक सर्टिफिकेटांत दोनच गोष्टी असतात: विद्युत सुरक्षा, आणि फँटममधल्या तारांमधलं अंतर कॅलिपरने (स्क्रीनवर अंतर मोजायच्या खुणांनी) मोजल्यावर आलेली चूक. मशिन अंतर काढतं ते वेळेवरून. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, ध्वनीचा वेग १५४० मीटर प्रति सेकंद धरायचा, आणि खोली काढायची. १ सेंमी खोलीवरून जाऊन यायला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. हा सगळा हिशेब डिजिटल घड्याळावर चालतो आणि ते घड्याळ सहसा हलत नाही. त्यामुळे इमेज कितीही मळकट झाली तरी कॅलिपरचं माप बरोबरच येतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये त्यांच्या चार वर्षांच्या सोनोग्राफी क्यूएचा (दर्जा-तपासणीचा) हिशेब मांडला होता. प्रोब नीट डोळ्यांनी तपासणे आणि इमेज सगळीकडे सारखी आहे का हे बघणे, या दोन साध्या तपासण्यांतच बहुतेक बिघाड सापडले होते. अंतराच्या चाचणीतून जवळजवळ काहीच हाती लागलं नव्हतं. तेव्हा तुमचं सर्टिफिकेट खोटं नाही, पण तुम्ही विचारताय त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

आपल्याकडे एक्स-रे आणि सीटीला एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांमुळे ठराविक मुदतीने क्यूए करावंच लागतं. सोनोग्राफीत आयनकारी प्रारण नाही, म्हणून ती त्या कक्षेत येत नाही. पीसीपीएनडीटी कायदा (गर्भलिंग निवड रोखणारा) मशिन कुठे आहे, कोण वापरतं, कशासाठी वापरतं हे बघतो; इमेज कशी आहे ते बघणं त्याचं काम नाही. म्हणजे इमेजच्या दर्जाची जबाबदारी शेवटी सेंटरवरच पडते, आणि ती उचलायला हवी असं मला मनापासून वाटतं. खोलवरची दीड सेंटिमीटरची गाठ न दिसणं हे पेशंटच्या बाबतीत चुकीच्या रिपोर्टइतकंच गंभीर आहे.

'दर्जा मोजणे' या नावाखाली दोन वेगळी कामं एकत्र केली जातात. एक: हे मशिन बसवलं त्या दिवशी जसं होतं तसं आज आहे का? दुसरं: या दोन मशिनपैकी जास्त चांगलं दाखवणारं कोणतं? पहिलं काम कोणत्याही सेंटरला दर तीन महिन्यांनी अर्ध्या तासात जमेल. दुसरं खरोखर अवघड आहे. तुमची तक्रार पहिल्या प्रकारची आहे, म्हणून तिथे जास्त वेळ देतो.

इमेज हळूहळू बिघडली असेल तर माझा पहिला संशय नेहमी प्रोबवर असतो. स्वीडनमधल्या ३२ रुग्णालयांत रोज वापरात असलेले ६७६ प्रोब तपासले गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ३९.८ टक्के प्रोबमध्ये काही ना काही दोष निघाला. हे प्रोब कपाटात पडलेले नव्हते, त्यांच्यावर पेशंट तपासले जात होते. एलिमेंट (आवाज सोडणारे आणि पकडणारे बारीक तुकडे) निकामी झालेले, लेन्स आतून सुटलेली, केबलमधल्या तारा तुटलेल्या. आपल्याकडची कारणं सगळ्यांच्या ओळखीची आहेत: प्रोब हातातून पडणे, केबलवरून ट्रॉलीचं चाक जाणे, उंदराने केबल कुरतडणे, आणि प्रोबच्या तोंडावर रोज स्पिरिटचा बोळा फिरवणे. कंपनीच्या पुस्तिकेत कोणतं जंतुनाशक चालतं ते लिहिलेलं असतं. ते बघून तेवढंच वापरा.

मग हे बघणाऱ्याच्या लक्षात का येत नाही? कन्व्हेक्स प्रोबमध्ये शंभराहून अधिक एलिमेंट असतात आणि प्रत्येक रेषा काढताना त्यातले कित्येक एकदम काम करतात. दोन-चार मेले तर शेजारचे भरून काढतात. त्यात आजच्या मशिनमध्ये स्पॅशियल कंपाउंडिंग चालू असतं. एकाच जागेकडे वेगवेगळ्या कोनांतून बघून सरासरी काढल्यावर मेलेल्या एलिमेंटखाली उमटणारा काळा पट्टा पुसला जातो. पट्टा दिसत नाही, पण फोकस सैल होतो, बाजूचा कचरा (नको असलेले प्रतिध्वनी) वाढतो आणि सिस्टच्या (द्रवाने भरलेल्या गाठीच्या) आत धूसरपणा भरतो. वरून आपला हात नकळत गेन (इमेजचा एकूण उजेड) वाढवत राहतो. इमेज उजळ दिसते, दाणे मात्र वाढतात. तुमच्या लिव्हरमध्ये मला हेच वाटतंय.

याची तपासणी फुकट आहे आणि ती आजच करा. प्रोब पुसून पूर्ण कोरडा करा, जेल अजिबात नको. प्रोब हवेत धरा. हार्मॉनिक बंद, कंपाउंडिंग बंद, दाणे कमी करणारा फिल्टर बंद, फोकस एकच आणि शक्य तितका वर. टीजीसीच्या (खोलीनुसार उजेड कमी-जास्त करणाऱ्या) सगळ्या पट्ट्या मध्यावर. खोली ४ ते ५ सेंमी ठेवा आणि गेन वाढवत न्या. स्क्रीनच्या वरच्या भागात प्रोबच्या वळणाला समांतर असे उजळ पट्टे दिसतील. आवाज लेन्स आणि हवा यांच्या सीमेवरून परत फिरतो आणि लेन्समध्येच पुन्हा पुन्हा आपटत राहतो, त्याचे हे पट्टे. निरोगी प्रोबमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड आणि सारख्या उजेडाचे असतात. कुठे उभी काळी चीर दिसली तर तिथले एलिमेंट किंवा त्यांच्या तारा गेल्या आहेत. एखाद्या भागात पट्टे फिके आणि वाकडे झाले असतील तर लेन्स आतून सुटली असण्याची शक्यता जास्त. लेन्स झिजली असेल तर पट्ट्यांमधलं अंतर कमी होतं.

अजून बारकाईने बघायचं तर एक पेपरक्लिप सरळ करा. ती प्रोबच्या तोंडावर आडवी, म्हणजे तोंडाच्या अरुंद बाजूला समांतर, हलकेच टेकवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवा. क्लिपच्या खाली एक उजळ उभी रेघ दिसते आणि ती क्लिपबरोबर सरकते. रेघ जिथे मंदावते किंवा नाहीशी होते ती जागा लक्षात ठेवा. आता तिथेच थांबून केबल प्रोबजवळ आणि कनेक्टरजवळ हळू हलवा. चीर येत-जात असेल तर दोष केबलमध्ये आहे, आणि केबल बरेचदा दुरुस्त होते. मग प्रोब मशिनच्या दुसऱ्या पोर्टला लावा. चीर त्याच जागी राहिली तर दोष प्रोबचा. नाहीशी झाली तर पोर्टचा किंवा आतल्या बोर्डचा, आणि त्याच पोर्टवर दुसऱ्या प्रोबलाही चीर दिसायला हवी. एवढं करून तुम्ही फोन केलात तर सर्व्हिस इंजिनिअरला 'मशिन ओके आहे' एवढ्यावर थांबता येत नाही.

कार्डिॲक प्रोबला, म्हणजे हृदय बघायच्या फेज्ड ॲरे प्रकारच्या प्रोबला, मात्र ही पद्धत तितकी लागू पडत नाही. फेज्ड ॲरेमध्ये प्रत्येक रेषेसाठी जवळजवळ सगळे एलिमेंट वापरले जातात, त्यामुळे एखादा एलिमेंट मेला तरी त्याची वेगळी चीर उमटत नाही, सगळी इमेजच थोडी थोडी खराब होते. तिथे पेनिट्रेशन (ते काय, हे पुढे सांगतो) मोजावं, किंवा एकेक एलिमेंट तपासणारं यंत्र असलेल्या दुरुस्तीवाल्याकडून रिपोर्ट घ्यावा.

आता पेनिट्रेशन. एकच आकडा ठेवायचा झाला तर मी हा ठेवेन. ऊतीसारखा फँटम घ्यायचा आणि त्यातले दाणे, म्हणजे स्पेकल, कोणत्या खोलीपर्यंत खरे दिसतात ते मोजायचं. खरे दाणे प्रोब स्थिर धरला की स्थिर राहतात. इलेक्ट्रॉनिक नॉइज सतत वळवळत राहतो. दोन्हींची सीमा डोळ्यांनी ठरवली तर माणसागणिक आकडा बदलतो, म्हणून एक सोपी युक्ती वापरतात. फँटमवरची एक इमेज साठवा. मग कोणतंही बटण न हलवता प्रोब उचला, पुसा आणि हवेतली दुसरी इमेज साठवा. दोन्ही इमेज संगणकावर घेऊन प्रत्येक खोलीवरच्या ग्रेची सरासरी काढा. वरच्या भागात फँटमची सरासरी कितीतरी जास्त असते, खाली जाता जाता दोन्ही एकमेकींना मिळतात. पहिली दुसरीच्या १.४ पट उरते ती खोली म्हणजे पेनिट्रेशन, असा प्रघात आहे. तिथे सिग्नल आणि नॉइज सारखे असतात. या कामाला इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

हा आकडा मला प्रिय आहे, कारण त्याचा अर्थ लगेच लावता येतो. समजा फँटमचं क्षीणन (आवाज आत जाताना दुबळा होणं) दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला ०.५ डेसिबल आहे आणि प्रोब ३.५ मेगाहर्ट्झवर चालतोय. तर जाण्या-येण्यात मिळून प्रत्येक सेंटिमीटरला ३.५ डेसिबल जातात. १६ सेंमीवरून येणारा प्रतिध्वनी या एकाच कारणाने ५६ डेसिबलने दुबळा झालेला असतो. आता तेच पेनिट्रेशन १६ वरून १४ वर आलं तर ७ डेसिबल हरवले, म्हणजे सिग्नलची उंची निम्म्याहून कमी झाली. सडपातळ पेशंटमध्ये हे कळणारही नाही. फॅटी लिव्हर असलेल्या जाड पेशंटमध्ये उजव्या लोबचा मागचा भाग आणि डायफ्रॅम गायब होतो. एक सेंटिमीटरच्या आतला फरक मी हाताचा आणि तापमानाचा समजतो. दीड-दोन सेंटिमीटर गेले असतील तर कारण शोधल्याशिवाय सोडत नाही.

या सगळ्याचा आधार म्हणजे सेटिंग तेच असणं. 'क्यूए' नावाचा वेगळा प्रीसेट बनवून ठेवा आणि त्यात फ्रिक्वेन्सी, आउटपुट, डायनॅमिक रेंज (किती डेसिबलपर्यंतचे प्रतिध्वनी दाखवायचे ते), ग्रे मॅप (कोणत्या प्रतिध्वनीला ग्रेची कोणती छटा द्यायची ते), खोली, फोकस सगळं बांधून टाका. त्या स्क्रीनचा फोटोही काढून ठेवा, कारण सॉफ्टवेअर अपग्रेडमध्ये प्रीसेट उडतात आणि मग जुना आकडा कशाशी ताडायचा हे कुणालाच माहीत नसतं. डायनॅमिक रेंज ६० ची ७० केली तरी इमेजचा सगळा बाज बदलतो, आणि तो बदल प्रोबच्या नावावर खपतो.

फँटम घ्यावाच का? हवेतल्या चाचणीला नको, पेनिट्रेशनला हवा. किंमत लाखांत जाते, म्हणून एकट्या सेंटरने घेण्यापेक्षा जवळच्या चार-पाच जणांनी मिळून घ्यावा. घेताना आतलं द्रव्य विचारा. पाण्यावर आधारलेल्या जेलमध्ये वेग १५४० च्या जवळ असतो आणि क्षीणनही ऊतीसारखं असतं, पण जेल वाळतं. वरचा पडदा आत ओढल्यासारखा दिसू लागला की त्या फँटमचे आकडे धरू नयेत. युरेथेन रबराचा फँटम वाळत नाही, पण त्यात वेग १४५० च्या आसपास असतो. त्यातल्या तारा अंतर बरोबर यावं अशा बेताने बसवलेल्या असतात, तरी प्रोबचा फोकस बिघडतोच. तेव्हा अशा फँटमवरचं रिझोल्यूशन हे प्रोबचं खरं रिझोल्यूशन मानू नका. तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी आजचा ताडायला तो चालतो.

तापमानाकडे फार दुर्लक्ष होतं. बहुतेक फँटमांचे आकडे २२-२३ अंशांना दिलेले असतात. मे महिन्यात विदर्भात गाडीच्या डिकीतून आणलेला फँटम तसाच वापरला तर वेग आणि क्षीणन दोन्ही बदललेलं असतं, आणि प्रोब न बिघडता पेनिट्रेशनचा आकडा हलतो. आदल्या दिवशी एसीच्या खोलीत आणून ठेवा आणि आकड्याशेजारी तापमान लिहा.

घरी बनवलेल्या फँटमबद्दल नेहमी विचारतात. जिलेटीनमध्ये इसबगोल मिसळला की छान दाणे दिसतात, आणि सुई टोचण्याचा सराव करायला तो उत्तम. पण त्यात क्षीणन फार कमी असतं आणि दोन घाण्यांचं सारखं नसतं. पेनिट्रेशनसाठी त्याचा उपयोग नाही.

रिझोल्यूशनवर विक्रेते सर्वांत जास्त बोलतात, बिघाड शोधायला त्याचा उपयोग त्या मानाने कमी. खोलीच्या दिशेचं रिझोल्यूशन पल्सच्या लांबीच्या निम्मं असतं आणि ते वर्षानुवर्षं हलत नाही. आडव्या दिशेचं फोकसवर आणि किती एलिमेंट काम करतात त्यावर ठरतं, म्हणून ते मात्र बघावं: एकाच तारेच्या ठिपक्याची रुंदी, त्याच खोलीवर, त्याच सेटिंगला. तिसरी दिशा म्हणजे स्लाइसची, म्हणजे इमेजच्या पातळीची, जाडी. ती कुणी मोजत नाही, पण छोट्या सिस्टमध्ये खोटे प्रतिध्वनी भरण्याचं ती मोठं कारण असते. फँटममधले सिस्ट बहुधा दंडगोल असतात आणि प्रोबची पातळी त्यांना आडवी छेदते, त्यामुळे ही जाडी तिथे लपून जाते. गोल पोकळ्यांचा फँटम मिळाला तर ती उघड होते.

आता नवं मशिन. डेमोला येणारा माणूस त्याच्या मशिनचा उत्तम प्रीसेट लावून बारीक अंगाच्या माणसाची किडनी दाखवतो. त्यावरून निर्णय घेऊ नका. कॉन्ट्रास्ट मोजायचा म्हणून पुष्कळ जण सीएनआर (कॉन्ट्रास्ट आणि नॉइज यांचं गुणोत्तर) काढतात: सिस्टच्या आतली आणि बाहेरची सरासरी यांतला फरक, भागिले दोन्हींचा मिळून असलेला विखुरपणा. अडचण अशी, की डायनॅमिक रेंज किंवा ग्रे मॅप बदलला, किंवा दाणे गुळगुळीत करणारा फिल्टर चढवला, की नवीन काहीही न दिसता सीएनआर बदलतो. २०२० मध्ये मांडलेला जनरलाइज्ड सीएनआर याला चांगला उतारा आहे. त्यात आतल्या आणि बाहेरच्या पिक्सेलच्या ग्रेचे दोन आलेख काढतात आणि ते एकमेकांवर किती चढतात ते बघतात. अजिबात चढत नसतील तर १, पूर्ण चढत असतील तर ०. ग्रे मॅप ताणल्याने हा आकडा फुगत नाही. फिल्टरमुळे तो वाढू शकतो, म्हणून सगळ्या मशिनवर फिल्टर बंद करून एकदा आणि तुमच्या रोजच्या सवयीने एकदा असं मोजा.

एकाच आकड्यात मशिन आणि प्रोबची कुवत सांगण्याचा मला पटलेला प्रयत्न एडिनबराचा आहे. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या व्यासाच्या, तिरक्या बसवलेल्या नळ्यांचा फँटम केला. प्रत्येक नळी कोणत्या खोलीपासून कोणत्या खोलीपर्यंत दिसते ते मोजायचं आणि ती लांबी नळीच्या व्यासाच्या व्यस्ताशी आलेखात मांडायची. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे रिझोल्यूशन इंटिग्रल. बारीक वस्तू जितक्या जास्त खोलीपट्ट्यात दिसतात तितका आकडा मोठा. हा फँटम तुमच्याकडे नसणार, पण त्यातला विचार डेमोत वापरता येतो. 'रिझोल्यूशन किती' असं विचारू नका. '४ मिमीचा सिस्ट किती खोलीपासून किती खोलीपर्यंत दिसतो' असं विचारा, आणि डेमोला आलेल्या सगळ्या कंपन्यांच्या मशिनवर तोच फँटम लावून स्वतः मोजा. त्याच्या जोडीला तुमचे नेहमीचे अवघड पेशंट, संमती घेऊन, सगळ्या मशिनवर बघा, आणि साठवलेल्या इमेजवरचं कंपनीचं नाव झाकून दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टला क्रम लावायला सांगा. डेमोचं मशिन सेंटरमध्ये आणण्याआधी पीसीपीएनडीटीच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडची परवानगी आणि नोंद पूर्ण करून घ्या. हे काम विक्रेत्याच्या भरवशावर सोडू नका.

मॉनिटरही विसरू नका. मशिनमध्ये बहुधा ग्रेच्या पट्ट्यांचा टेस्ट पॅटर्न असतो. त्यात शून्य टक्के काळ्यात ५ टक्क्यांचा चौकोन आणि १०० टक्के पांढऱ्यात ९५ टक्क्यांचा चौकोन वेगळे दिसायलाच हवेत. ट्यूबलाइट लावून दिसत नसतील आणि बंद केल्यावर दिसत असतील तर दोष खोलीचा आहे.

तुमच्या बाबतीत जुना आकडा नाही, ही खरी अडचण. ती अशी सोडवा. आधी वरची हवेतली चाचणी करा आणि इमेज साठवा. मग कंपनीकडून त्याच मॉडेलचा दुसरा प्रोब एका दिवसासाठी मागवा. एकच मशिन, एकच पोर्ट, एकच प्रीसेट, एकच फँटम, आणि आळीपाळीने दोन्ही प्रोबचं पेनिट्रेशन. तुमच्या प्रोबला दीड-दोन सेंटिमीटर कमी आले तर दोष प्रोबचा. दोघांना सारखंच कमी येतंय असं वाटलं तर मशिनचा रिसीव्हर किंवा अर्थिंग तपासा: खोली आणि गेन जास्तीत जास्त ठेवून हवेत बघा, नॉइजमध्ये ठरावीक नक्षी किंवा ठरावीक अंतराने लुकलुकणाऱ्या रेघा दिसल्या तर बाहेरचा विद्युत अडथळा आहे. इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर एकेक करून बाजूला करून बघा. मशिन बसवताना काढलेल्या इमेज कंपनीच्या इन्स्टॉलेशन रिपोर्टला जोडलेल्या असतील तर त्याही मागून घ्या.

कंपनीला पत्र लिहिताना 'इमेज खराब येते' असं लिहू नका. प्रोबचा सिरियल नंबर, चाचणीची तारीख, सेटिंग, तापमान, दोन्ही प्रोबचे आकडे आणि हवेतल्या इमेज जोडा, आणि सीएमसीत (सर्वसमावेशक देखभालीच्या करारात) प्रोब धरलेला आहे की नाही ते करारात आधी वाचा. प्रोब दुरुस्त होऊन किंवा बदलून आला की पेशंटवर लावण्याआधी त्याच दिवशी हवेतली इमेज आणि पेनिट्रेशन दोन्ही काढून फाइलला लावा.